भावाच्या हातचं पारणं

परवा घाटघरला सोनाबाईंच्या अंगणात हिरडा वाळत घातलेला होता. गाडीतून उतरले आणि तो वास नाकात शिरला, तुरट, धुळकट, थोडासा ताज्या सारवणाचा. मी तशीच दाराशी उभी राहिले. खरं तर कामाला आले होते. जुन्नरला काल काकाची शोकसभा होती आणि तिथे लावायला त्याचा एकही धड फोटो कुणाकडे नव्हता. सोनाबाईंच्या घराच्या एका खोलीत तो निम्मं आयुष्य राहिला, म्हणून म्हटलं, तिथे काही मिळेल. सोनाबाई सूप बाजूला ठेवून म्हणाल्या, "फुटू कसला ठिवतंय ते, ताई. भिंतीला खिळा ठोकायला दिला न्हाई कधी." मग त्यांच्या किसनच्या मोबाइलमध्ये एक सापडला. काका ह्याच अंगणात उकिडवा बसून हिरड्यातला काडीकचरा निवडतोय, मान खाली, चेहरा अर्धाच दिसतोय. तोच घेतला.

लोक काकाला कवी आणि कादंबरीकार म्हणून ओळखतात. आमच्या घरी तो आधी हिरडा घेणारा पोरगा होता. आमचे पूर्वज राजस्थानातून आले आणि जुन्नरच्या पेठेत दुकान घालून बसले, त्याला इतक्या पिढ्या झाल्या की गावाचं नावही आता कुणी खात्रीने सांगत नाही. दुकान हिरड्याचं. चैत्र-वैशाखात डोंगरातली माणसं झाडावर चढून कोवळा बाळहिरडा उतरवायची, अंगणात वाळवायची, तो काळाकुट्ट होऊन खडखड वाजायला लागला की आम्ही विकत घ्यायचो. काका सोळाचा झाला तेव्हा आजोबांनी त्याला एक तराजू, एक हमाल आणि डब्यात महिनाभर टिकतील इतके खाकरे देऊन घाटघरला धाडलं. खाकरे घरी परत आले, तसेच्या तसे. काका मात्र पुरता परत आला नाही, असं माझी आई म्हणायची. आईला आम्ही बाई म्हणायचो.

पहिल्या हंगामाहून तो आला तेव्हा त्याच्या तोंडाला कांद्याचा वास येत होता. आम्ही जैन, आमच्या घरात कांदा, लसूण, बटाटा उंबऱ्याच्या आत येत नसे. पेठ-मंचरकडून बटाट्याचे ट्रकच्या ट्रक जायचे, आम्ही मुलं ते लांबून पाहायचो आणि बटाटा चवीला कसा लागत असेल यावर वाद घालायचो. काका दारात चपला काढत होता, आत आजी बसलेली. माझे वडील, म्हणजे बाबूजी, त्याच्याहून सात वर्षांनी मोठे. ते पुढे झाले, त्याच्याजवळ वाकल्यासारखं केलं, खिशातली बडीशेप मूठभर काढून त्याच्या तळहातावर ठेवली आणि गल्ल्यावर जाऊन बसले. बाई नवी नवरी होती तेव्हा, तिने हे कोपऱ्यातून पाहिलं होतं. पुढे किती तरी वर्षं काका डोंगरातून आला की बाबूजींचा हात आधी खिशाकडे जायचा.

मी पाच-सहा वर्षांची झाल्यावर काका मला सुट्टीत वर घेऊन जाऊ लागला. दुकानाच्या ट्रकमध्ये रिकाम्या पोत्यांवर बसून जायचं. पोत्यांना मागच्या सालाच्या हिरड्याचा वास, रस्त्याला करपलेल्या गवताचा. चावंड मागे पडलं की काकाची भाषाच बदलायची. घरी आमच्यात मारवाडी, दुकानात जुन्नरची मराठी, आणि तिथून वर तिसरीच. ओट्यावर बायका हिरडा निवडत बसायच्या, हात मनगटापर्यंत काळे, आणि त्यांचं बोलणं चाललेलं असायचं, कुणाची म्हैस आटली, कुणाची सून माहेराहून आली नाही, नाणेघाटात वारा असा सुटला की पाणी वर उडालं. काका तराजूपाशी बसून ऐकायचा. वजन राहून जायचं. "शेट, ध्यान कुठंय?" असं एखादी म्हातारी विचारायची आणि सगळ्या हसायच्या. त्याला त्या धाकलं शेट म्हणायच्या. तो मला एक हिरडा चघळायला द्यायचा, तोंड पार आवळून यायचं, मग वर तांब्याभर पाणी प्यायला लावायचा. ते पाणी इतकं गोड लागायचं की मी पुन्हा हिरडा मागायचे.

त्याच्या कविता त्याच ओट्यावरच्या. पुण्यातल्या छापखान्यात पहिला संग्रह छापून झाला तेव्हा गठ्ठे आणायला बाबूजी स्वतः दुकानाचा ट्रक घेऊन गेले. माल उतरवून परत येताना रिकाम्या पोत्यांत ते गठ्ठे आले, त्यामुळे त्या संग्रहाच्या प्रत्येक प्रतीला हिरड्याचा वास होता. माझ्याकडच्या प्रतीला अजून आहे, किंवा मला तसं वाटतं. बाबूजींनी आठवडाभर दुकानात येणाऱ्या प्रत्येकाला एकेक प्रत दिली. वाचता येतं का, हे विचारलं नाही. हमालांनी ती पटक्यात खोचली, एका गिऱ्हाइकाने तंबाखूच्या चंचीत घडी घालून ठेवली. "माझ्या भावानं लिहिलंय," एवढंच बाबूजी सांगायचे. कविता त्यांनी वाचल्या होत्या का, ठाऊक नाही. कवितांतलं फारसं त्यांना कळलं नसणार. पण त्या दिवसांत ते ज्या ताठ मानेने गल्ल्यावर बसायचे, तसे नंतर कधी बसले नाहीत.

शहरातल्या लोकांना काका कुठे ठेवावा हे कधीच उमगलं नाही. एकाने लिहिलं की ह्यांची मराठी भेसळीची आहे. दुसऱ्याने तीच भाषा अस्सल मातीची म्हणून डोक्यावर घेतली, आणि मग काकाचं आडनाव पाहून तो जरा गोंधळला. आमच्या समाजातल्या लग्नांत पंगतीला बसल्यावर एखादा मामा हटकून विचारायचा, ह्या धंद्यात मिळतं काय. एका कार्यक्रमात त्याला विचारलं गेलं, तुमची मातृभाषा नक्की कोणती? मी समोरच बसले होते. काकाने चष्मा पुसला. "घरी जेवतो ती एक, बाजारात भांडतो ती एक, आणि एकटा असलो की तोंडात येते ती एक," तो म्हणाला. "लिहितो ती शेवटची." लोकांनी टाळ्या वाजवल्या. मला मात्र वाटलं, एकटा असलो की, हे तो फार सहज म्हणाला.

कारण तोवर ती कादंबरी येऊन गेली होती आणि तो एकटा पडला होता.

कादंबरी डोंगराखालच्या एका हिरड्याच्या व्यापाऱ्याची. वाईट माणूस नाही तो, तेच तर सगळ्यांना झोंबलं. उपासतापास करतो, मुंगीला साखर घालतो, आजारी हमालाला घरी पोचवतो, आणि तराजू उचलताना त्याचा अंगठा हळूच पारड्यावर टेकतो. डोंगरातली माणसं तो अंगठा पाहतात आणि काही बोलत नाहीत. नाव दुसरं होतं, पण जुन्नरच्या बाजारात वाचणाऱ्या प्रत्येकाने ओळखलं. चहाच्या टपरीवर पानंच्या पानं मोठ्याने वाचली गेली. बाबूजी रस्त्याने गेले की कुणी तरी खाकरायचं. एकाने तर तोंडावर म्हटलं, "शेठ, अंगठा सांभाळा." बाबूजी थांबले, त्याच्याकडे पाहिलं आणि चालू लागले.

पुढे काय झालं ते सांगण्याजोगं काही नाही. भांडण झालं नाही, ताट आपटलं गेलं नाही. बाबूजी काकाशी बोलायचे थांबले, आणि काकाने घाटघरला सोनाबाईंच्या घरातली खोली धरली. दुकानातला त्याचा तक्क्या बरेच दिवस तसाच राहिला. मग एका दिवाळीला खोळ बदलायला काढला, तो परत आलाच नाही.

वर्षातून एकदाच ते दोघे एकमेकांशी एक शब्द बोलायचे, आणि तो शब्द त्यांचा नव्हता, धर्माचा होता. भाद्रपदात आमची संवत्सरी येते. त्या दिवशी निर्जळी उपास, संध्याकाळी स्थानकात, म्हणजे आमच्या धर्मस्थानी, वर्षभराच्या चुका आठवायचं प्रतिक्रमण, आणि ते झालं की प्रत्येकाने प्रत्येकापुढे हात जोडून म्हणायचं, खमतखामणा. वर्षभरात कळत नकळत दुखावलं असेल तर क्षमा करा, मीही केली. समोरच्यानेही तेच म्हणायचं. वर्ष उलटून गेलं तरी ज्याच्या मनात वैर उरलं तो आपल्यातला राहिला नाही, असं आमच्या साध्वी, महासतीजी, व्याख्यानात सांगायच्या, आणि बाबूजींसारखा माणूस ह्या गोष्टी हसण्यावारी नेत नसे.

काका कांदा खात होता, रात्री जेवत होता, प्रतिक्रमणातल्या ओळीही विसरला असेल. पण संवत्सरीला दुपारच्या घाटघरच्या एसटीने तो यायचा. अंगावर घोंगडी, पायजमा गुडघ्यापर्यंत चिखलाने माखलेला. स्थानकात शेवटच्या रांगेत बसायचा. दिवा लावायचा नसतो. अंधार दाटत जायचा, ओल्या लोकरी आसनांचा वास यायचा, शेजारच्या आळीतून गणपतीच्या आरतीची झांज ऐकू यायची आणि आमच्यातले सगळे पाण्याच्या, अग्नीच्या, झाडापानांच्या, किड्यामुंग्यांच्या जीवांची क्षमा मागत असायचे. मग माणसं उठायची. बाबूजी रांगेने सगळ्यांना हात जोडत शेवटी काकापुढे येऊन उभे राहायचे.

"खमतखामणा."

"खमतखामणा."

झालं. बाबूजी वळायचे. आम्ही भावंडं लहान होतो तेव्हा श्वास रोखून पाहायचो, ह्या वर्षी तरी दुसरा शब्द निघेल का. सकाळी काका आमच्या स्वयंपाकघरात पारणं करायचा, मुगाचं पाणी, मग खाकरा. उपास सोडणाऱ्याला पहिला घोट घरातल्या कुणी तरी पाजायचा असतो. त्याला बाई पाजायची. बाबूजी तोवर दुकानात गेलेले असायचे. आम्ही मोठे झालो, आमची लग्नं झाली, काकाच्या आणखी दोन कादंबऱ्या आल्या, त्याला कसलंसं पारितोषिक मिळालं आणि त्याचे धडे मुलांना लागले, आणि हे असंच चालू राहिलं. मला खूप राग यायचा, कधी ह्याचा, कधी त्याचा. मुंग्यांची क्षमा मागणारा माणूस सख्ख्या भावाशी धड दोन वाक्यं बोलू शकत नव्हता.

गेल्या उन्हाळ्यात काकाला अर्धांगाचा झटका आला. उजवा हात, उजवा पाय आणि वाचा गेली. पुण्याच्या दवाखान्यात मी होते त्याच्यापाशी. बाबूजी आले नाहीत. रोज संध्याकाळी बाईला फोन करायला लावून शेजारी बसून राहायचे, इतकंच. जरा बरं वाटल्यावर काकाने डाव्या हाताने पश्चिमेकडे बोट दाखवून आम्हाला हैराण केलं, शेवटी घाटघरला नेऊन सोडलं. सोनाबाई म्हणाल्या, राहू द्या, माझ्या घरचंच माणूस आहे.

आणि भाद्रपद आला. मी मुद्दाम माहेरी गेले होते. काका ह्या वर्षी एसटीत चढू शकणार नव्हता, हे घरात सगळ्यांना ठाऊक होतं आणि कुणीच बोलत नव्हतं. बाबूजींनी दरवर्षीप्रमाणे पर्युषणाच्या, म्हणजे संवत्सरीला संपणाऱ्या, आठ दिवसांचं पचखाण घेतलं होतं, म्हणजे नियम, की जुन्नरची शीव ओलांडणार नाही. तो त्यांनी तरुणपणापासून कधी मोडला नव्हता. घाटघरला मोबाइलला रेंज नसते. एक नियम सांगत होता, गावाबाहेर पाऊल टाकू नको. दुसरा सांगत होता, आजचा दिवस संपायच्या आत मन मोकळं कर. ब्याऐंशी वर्षांचा माणूस दिवसभर तहानलेला, खिडकीशी बसून होता. दुपारची घाटघरची एसटी आली तेव्हा ते उठून दारापर्यंत गेले. संध्याकाळी स्थानकात सगळ्यांना हात जोडून झाल्यावर शेवटच्या रांगेपाशी येऊन ते रिकाम्या सतरंजीपुढे थोडा वेळ उभे राहिले. त्यांची संवत्सरी आयुष्यात पहिल्यांदा अपुरी राहिली.

सकाळी नियम संपला. बाई मुगाच्या पाण्याची वाटी घेऊन आली. त्यांनी ती हाताने बाजूला सारली आणि मला म्हणाले, "गाडी काढ."

चावंडच्या पुढे धुकं होतं. भात पोटरीत आलेला, बांधांवर सोनकी पिवळी झालेली. त्यांचे ओठ सुकून पांढरे पडले होते. पाण्याची बाटली पुढे केली तर त्यांनी मान हलवली. मला भीती वाटत होती, वाटेत काही झालं तर.

काका खाटेवर बसलेला होता, पाठीला गोधडीची गुंडाळी. बाबूजी आत आले, घोंगडीवर पाय न देता वळसा घेऊन त्याच्यापुढे उभे राहिले आणि हात जोडले.

"खमतखामणा."

काकाचा डावा हात वर आला. ओठ हलले. घशातून घरघर निघाली, पण शब्द होईना. पुन्हा प्रयत्न केला, पुन्हा नाही. इतकी वर्षं ते उत्तर मिळालं की बाबूजी वळून जात असत. आज उत्तर येत नव्हतं, त्यामुळे त्यांना जाताही येईना. ते तसेच उभे राहिले. मग थकव्याने म्हणा किंवा आणखी कशाने, खाटेच्या कडेवर बसले. बाहेर सोनाबाईंची कोंबडी पन्हाळीखाली फडफडत होती.

मग बाबूजी बोलायला लागले. मराठीत. घरात भावाशी ते कधी मराठी बोलले नव्हते. कादंबरी मराठीत होती, म्हणून असेल.

"अंगठा माझाच व्हता," ते म्हणाले. "खोटं न्हाई लिहिलंस तू. बाजार हसला, हसू दे. त्याचं मला काय न्हाई." त्यांनी सुकलेल्या ओठांवरून जीभ फिरवली. "पण त्या माणसाला तू एकुलता एक केलास. आक्खं पुस्तक दोनदा वाचलं मी. त्याला भाऊच न्हाई. तू सोताला काढून टाकलंस. मला भाऊ व्हता ना रे."

मी दारात होते. आम्ही सगळे, बाई, मी, सगळा बाजार, इतकी वर्षं त्या अंगठ्याकडेच पाहत बसलो होतो.

काका रडला. चेहऱ्याची एकच बाजू रडत होती, दुसरी तशीच. डाव्या हाताने त्याने बाबूजींची बाही धरली आणि सोडेना. सोनाबाई आतून फुलपात्र घेऊन आल्या. "शेट, उकळून, फडक्यानं गाळून घेतलंय," त्या म्हणाल्या. "तुमच्यातलं चालतंय तसं. घ्या." बाबूजींनी ते घेतलं नाही. मग काकाने बाही सोडली आणि हात पुढे केला. सोनाबाईंनी फुलपात्र त्याच्या त्या एका हातात दिलं. निम्मं पाणी बाबूजींच्या पांढऱ्या सदऱ्यावर सांडलं. उरलेलं त्यांनी डोळे मिटून त्याच्या हातून प्यायलं आणि त्यांचं पारणं झालं.

परतीच्या वाटेवर मी त्यांना एक सांगितलं. अवसरीला कॉलेजच्या पोरांपुढे कुणीसं काकाला विचारलं होतं, ह्या कादंबरीत लेखक कुठे आहे? तो म्हणाला होता, भाऊ ठेवला असता तर त्याने व्यापाऱ्याला पहिल्याच पानावर माफ केलं असतं, मग लिहायला उरलं काय असतं. मला तेव्हा ते नुसतं चतुर उत्तर वाटलं होतं. चावंड आलं. मग बाबूजी म्हणाले, "लबाड." आणि काचेतून बाहेर पाहत राहिले.

त्यानंतर दर रविवारी ते वर जायचे. ते बोलायचे, काका ऐकायचा. माघात काका गेला. शोकसभा ठरायला मात्र चैत्र उजाडला.

काल वाचनालयाच्या सभागृहात किसनच्या मोबाइलमधला तो अर्ध्या चेहऱ्याचा फोटो मोठा करून लावला होता. पुण्याहून दोन प्राध्यापक आले होते. सीमेवरचा लेखक, तळागाळाचा आवाज, असं बरंच बोलले, आणि वाईट बोलले असं नाही. सोनाबाई आणि घाटघरची पाच-सहा माणसं भिंतीला टेकून बसली होती. खुर्च्या रिकाम्या असूनही ती बसेनात. शेवटी अध्यक्ष म्हणाले, आता लेखकाचे ज्येष्ठ बंधू दोन शब्द बोलतील. मला वाटलं, नको म्हणतील. ते उठले. माईक त्यांच्या तोंडापासून लांब राहिला, कुणी तरी पुढे होऊन तो खाली केला. वर्तमानपत्राचा एक तरुण पहिल्या रांगेत लिहून घेत होता, त्याच्याकडे पाहून बाबूजी म्हणाले,

"मी त्याचा भाऊ, हे यांनी सांगितलंच. त्या पुस्तकातला व्यापारी पण मीच. दोन्ही लिवा."